हलकी, न ताणणारी दोरी

‘घर्षण नसलेल्या हलक्या कप्पीवरून एक हलकी, न ताणणारी दोरी टाकली आहे. तिच्या एका टोकाला ३ किलोग्रॅमचं आणि दुसऱ्या टोकाला २ किलोग्रॅमचं वजन बांधलं आहे. दोन्ही मोकळी सोडली, तर त्यांचं त्वरण किती आणि दोरीतला ताण किती?’

अकरावी विज्ञानाच्या बाकावर बसलेल्या प्रत्येकाने हे उदाहरण या ना त्या रूपात सोडवलेलं असतं. आकडे बदलतात, कधी एक वजन टेबलावर चढतं, कधी उतारावर जातं. सूत्र पाठ असेल तर दोन मिनिटांत ते हातावेगळं होतं आणि म्हणूनच ते सहसा कुणी वाचत नाही. मला ते सावकाश वाचावंसं वाटतं. तीन वाक्यांच्या या मजकुरात भरतीचा शब्द एकही नाही. ज्याच्यावर सगळं कथानक फिरतं ते पात्र मात्र तिसऱ्या वाक्याच्या शेपटाला येतं: ताण. वजनं दिसतात, कप्पी दिसते, दोरी दिसते. ताण दिसत नाही. दिलेल्या माहितीत त्याचा आकडा नाही. दोरी मनातल्या मनात कुठेतरी कापल्याशिवाय तो सापडत नाही, आणि कुठे कापायचं हे सर्वस्वी सोडवणाऱ्याच्या हातात असतं.

आधी विशेषणांकडे पाहू. ‘हलकी’ हे पहिलं. दोरीचा मधलाच एखादा तुकडा घेऊन त्याला न्यूटनचा दुसरा नियम लावा. तुकड्याला एकीकडून एक बल ओढतं, दुसरीकडून दुसरं. दोहोंतला फरक म्हणजे तुकड्याचं वस्तुमान गुणिले त्वरण (तुकडा लोंबता असेल तर त्याच्या वजनाचीही भर). वस्तुमान शून्य धरलं की हे सगळंच शून्य, मग दोरी कितीही वेगाने धावो. म्हणजे जो ताण एका टोकाला तोच दुसऱ्या टोकाला. ‘हलकी’ या एका शब्दात एक अख्खं समीकरण लपलेलं आहे. ‘न ताणणारी’ हे दुसरं. एक वजन वीतभर खाली आलं तर दुसरं तेवढ्याच वेळात वीतभरच वर जाणार, कारण दोरीची लांबी वाढत नाही. म्हणून वेग सारखे, त्वरणं सारखी, दिशा फक्त उलट. कप्पीला घर्षण नाही आणि ती हलकी आहे, म्हणजे तिला फिरवायला बल खर्ची पडत नाही. ताण कप्पीवरून पलीकडे जातो तो जसाच्या तसा. वळते ती त्याची दिशा.

दोन वजनं, म्हणून दोन त्वरणं. दोरीच्या दोन बाजू, म्हणून दोन ताण. अशा चार अज्ञात गोष्टींपैकी दोन या विशेषणांनी गिळल्या. उरल्या दोन. दुसरा नियम दोन वजनांना एकेकदा लावता येतो, म्हणजे समीकरणंही दोन. हिशेब तंतोतंत जुळतो. प्रश्न रचणाऱ्याची ही काटकसर मला फार आवडते. गाइडांत आणि फळ्यावर जागा वाचवण्यासाठी ही विशेषणं सर्रास गाळतात आणि ‘एका कप्पीवर दोन वजनं’ एवढंच उरतं. तसं केलं की प्रश्न सुटतो खरा, पण तो का सुटला हे कळायची सोय राहत नाही.

अशी दोरी आणि अशी कप्पी बाजारात मिळत नाही. ती शक्य तितकी खरी करून दाखवण्याचा खटाटोप जॉर्ज ॲटवुड या केंब्रिजच्या शिक्षकाने केला. ट्रिनिटी कॉलेजातली त्याची व्याख्यानं प्रयोगांसाठी नावाजलेली होती. पुढे पंतप्रधान झालेला धाकटा विल्यम पिट त्याच्या श्रोत्यांत होता आणि त्याने नंतर ॲटवुडला सरकारी नेमणूकही दिली. १७८४ साली ॲटवुडने वस्तूंच्या सरळ आणि चक्राकार गतीवर ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात हे यंत्र तपशिलाने आलं आहे. उंच खांबावर पितळी कप्पी, तिच्यावरून रेशमी दोरा, दोन टोकांना दोन सारखी वजनं, शेजारी सेकंदाचे ठोके देणारं लंबकाचं घड्याळ. कप्पीचा आस खोबणीत न बसवता चार छोट्या चाकांच्या कडांवर टेकवलेला, म्हणजे आस फिरला की ती चाकंही फिरणार आणि घासणं जवळपास उरणार नाही. प्रश्नातली ‘घर्षण नसलेली’ ही दोन शब्दांची अट भागवायला ॲटवुडला जादा चार चाकं लागली! चाकं आली की त्यांचं जडत्व आलं, म्हणजे ‘हलकी’ हे विशेषण बिघडलं. ते जडत्व किती वस्तुमानाच्या तोडीचं आहे हे त्याने वेगळं काढलं आणि हिशेबात धरलं. एक विशेषण सांभाळायला गेलं की दुसरं हातातून निसटतं, हे प्रयोगशाळेतल्या माणसाला सांगावं लागत नाही.

एवढा उपद्व्याप कशासाठी, तर घसरण सावकाश व्हावी म्हणून. मोकळी सोडलेली वस्तू पहिल्याच सेकंदात ४.९ मीटर खाली येते. लंबकाच्या घड्याळावर ती मोजणार कशी? गॅलिलिओने त्यासाठी गोळे उतारावर सोडले होते. ॲटवुडची युक्ती निराळी. समजा एका बाजूला ५१ भाग वस्तुमान आहे आणि दुसऱ्या बाजूला ५०. ओढतो तो फक्त एका भागाचा फरक, आणि हलवायचे आहेत सगळे १०१ भाग. त्वरण गुरुत्वत्वरणाच्या एकशेएकाव्या हिश्शावर येतं. पहिल्या सेकंदात वजन जेमतेम पाच सेंटिमीटर सरकतं, दोन सेकंदांत एकोणीसच्या आसपास, तीन सेकंदांत चव्वेचाळीसच्या घरात. ठोका ऐकत ऐकत पट्टीवर बोट ठेवता येईल इतकं निवांत.

या यंत्राची खरी करामत मला आणखी एका गोष्टीत दिसते. झाडावरून नारळ पडतो तेव्हा खाली ओढणारं वजन त्याचंच असतं आणि हलायला कुरकुरणारं वस्तुमानही त्याचंच. दोन्ही एकाच वस्तूत एकवटलेली असल्याने भागाकारात ती एकमेकांना खाऊन टाकतात, आणि दुसरा नियम डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. दोन वस्तू दोरीने जोडल्या की ओढ एकीकडे आणि ओझं दुसरीकडे करता येतं. फरक तोच ठेवून बेरीज वाढवा, त्वरण कमी होतं. बेरीज तीच ठेवून फरक वाढवा, त्वरण वाढतं. शिवाय जास्तीचं वजन एका पट्टीच्या रूपात ठेवून ती वाटेतल्या कड्यात अडकवून काढून घेण्याची सोय ॲटवुडने केली होती. पट्टी गेली की दोन्ही बाजू समसमान, ओढ शून्य, आणि वजनं आहे त्याच वेगाने पुढे जात राहतात. पहिला नियमही त्याच खांबावर पाहून घ्या.

आता उकल. ३ किलोग्रॅमच्या वजनाभोवती मनात एक कुंपण घाला. कुंपण दोरीला जिथे छेदतं तिथे ताण जन्माला येतो. वजनाला पृथ्वी २९.४ न्यूटन बलाने खाली ओढते, दोरी वर ओढते. म्हणून २९.४ वजा ताण बरोबर ३ गुणिले त्वरण. दुसरं कुंपण २ किलोग्रॅमच्या वजनाभोवती. इथे वर जाणं म्हणजे पुढे जाणं, म्हणून ताण वजा १९.६ बरोबर २ गुणिले त्वरण. दोन्ही समीकरणं एकाखाली एक लिहा. वरच्यात ताण वजा आहे, खालच्यात अधिक. बेरीज केली की तो नाहीसा होतो: ९.८ बरोबर ५ गुणिले त्वरण. त्वरण १.९६ मीटर प्रति सेकंद वर्ग, आणि मागे जाऊन पाहिलं तर ताण २३.५२ न्यूटन.

ताण एका समीकरणात वजा आणि दुसऱ्यात अधिक का आला, यात तिसरा नियम आहे. न्यूटनने १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’त तिसऱ्या नियमाखाली दिलेल्या दाखल्यांत दोरीने दगड ओढणारा घोडा आहे. ताणलेली दोरी सैल व्हायला पाहते, आणि त्या धडपडीत घोड्याला जेवढी दगडाकडे खेचते तेवढीच दगडाला घोड्याकडे. वर्गात इथे हमखास एक हात वर होतो: सर, दोन्ही बलं सारखी असतील तर दगड हलतो कसा? प्रश्न चांगला आहे, आणि त्याचं उत्तर कुंपणात आहे. ही दोन बलं एकाच कुंपणात कधीच येत नाहीत. दगडाचा हिशेब मांडताना दगडावरचं बल घ्यायचं. घोड्यावरचं बल घोड्याच्या वहीत. घोडा आणि दगड दोघांभोवती मिळून कुंपण घातलं तर दोरीचा ताण अंतर्गत होऊन गळून पडतो, आणि मग हलवणारं बल शोधायला घोड्याच्या खुरांखालच्या जमिनीकडे जावं लागतं.

क्लासमध्ये एक झटपट वाट सांगतात: निव्वळ ओढ भागिले एकूण वस्तुमान, झालं त्वरण. उत्तर बरोबर येतं. पण या वाटेने जाताना आपण मुकाट्याने दोरी सरळ केलेली असते. कप्पी काढून टाकून दोन्ही वजनं एका आडव्या ओळीत मांडल्यासारखा तो हिशेब आहे. खऱ्या मांडणीत एक वजन खाली जातं, एक वर येतं आणि कप्पी छताच्या हुकाला लटकलेली असते. हुक या प्रश्नात कुणी विचारत नाही. ते विचारायला हवं.

त्याआधी उत्तराचं रूप पाहून घेऊ. सर्वांत जास्त चुका होतात त्या ताणाच्या बाबतीत: मुलं ताण म्हणून खालच्या वजनाचा आकडा लिहून मोकळी होतात. ताण २९.४ असता तर ३ किलोग्रॅमचं वजन जागचं हललंच नसतं, १९.६ असता तर २ किलोग्रॅमचं अडून बसलं असतं. दोघांनाही हलायचं असेल तर ताण या दोहोंच्या मधे कुठेतरी हवा, हे गणित न करताही कळतं. नेमका कुठे? दोन वजनांच्या गुणाकाराची दुप्पट भागिले त्यांची बेरीज, म्हणजे हरात्मक माध्य. साध्या सरासरीने २४.५ आलं असतं. हरात्मक माध्य नेहमी लहान संख्येकडे झुकतं, म्हणून २३.५२. वजनांची अदलाबदल केली तरी ताण तोच राहतो, आणि दोरीला डावं-उजवं कळत नसल्यामुळे तो तसाच राहायला हवा.

मग आततायीपणा करून पाहा. ३ किलोग्रॅमच्या जागी हत्ती टांगा. ताण प्रचंड होईल असं वाटतं, आणि तो होतो ३९.२ च्या किंचित आत. कितीही मोठा हत्ती आणला तरी ३९.२ ओलांडला जात नाही. हा आकडा हलक्या वजनाच्या बरोबर दुप्पट आहे. हत्ती जवळजवळ मोकळाच पडणार, म्हणजे पलीकडचं २ किलोग्रॅमचं वजन गुरुत्वत्वरणाइतक्या त्वरणाने वर खेचलं जाणार. त्याला नुसतं तोलून धरायला १९.६ न्यूटन लागतात आणि त्या त्वरणाने वर न्यायला आणखी १९.६. दोरीला हत्तीचं ओझं कधी जाणवतच नाही. सूत्रात आकडे भरून हे निघतं, पण सूत्र बाजूला ठेवून दोरीच्या जागी उभं राहून पाहिलं की जास्त मजा येते.

आता हुक. कप्पीवर दोन्ही बाजूंनी ताण येतो, म्हणून हुकावरचा भार २३.५२ ची दुप्पट, ४७.०४ न्यूटन. टांगलेल्या वजनांची बेरीज ४९. जवळपास दोन न्यूटन गेले कुठे? वजनं कप्पीलाच बांधून ठेवली होती तोवर हुकावर पूर्ण ४९ होते. सोडताच भार उतरला. कारण जड वजन खाली जातं आणि हलकं वर, म्हणजे दोघांचा मिळून गुरुत्वमध्य खालीच घसरतो आणि वाढत्या वेगाने घसरणारी वस्तू आधारावर पूर्ण भार टाकत नाही. बर्लिनच्या पोगेनडॉर्फ या भौतिकशास्त्रज्ञाने १८५० च्या दशकात हे तराजूवर दाखवलं. कप्पी तराजूच्या एका बाजूला टांगायची, वजनं दोऱ्याने बांधून स्थिर ठेवायची, तराजू तोलायचा, आणि दोरा जाळून टाकायचा. वजनं सुटतात आणि तराजूची ती बाजू वर उचलली जाते. तीन वाक्यांच्या प्रश्नात या प्रयोगाची सगळी सामग्री आधीपासून होती. कुंपण जरा मोठं घालून कप्पीलाही आत घ्यायचा अवकाश.

या उदाहरणाची भावंडं पुष्कळ आहेत. एक वजन उतारावर ठेवून कप्पी उताराच्या माथ्यावर बसवली की मोटेची विहीर तयार होते: धावेवरून उतरणारे बैल, विहिरीत लोंबणारी भरलेली मोट, दोघांमध्ये नाडा. बैल उताराने चालत, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या वजनाचा हिस्सा ओढीला लागे.

पण मला जास्त गुंतवतं ते आगगाडीचं भावंड. पुण्याला जाणारी गाडी कर्जतला थांबते तेव्हा प्रवासी वडे घ्यायला उतरतात आणि मागच्या टोकाला ढकलणारं बँकर इंजिन जोडलं जातं. पुढे लोणावळ्यापर्यंत बोरघाट, ३७ फुटांना एक फूट असा चढ. समजा डबे वीस आहेत आणि प्रत्येक ५० टनांचा. घर्षण सोडून दिलं आणि गाडी एकसारख्या वेगाने चढते आहे असं मानलं, तर प्रत्येक डब्याचा उताराच्या दिशेने खेचणारा हिस्सा सुमारे १३,००० न्यूटन. बँकर नसता तर शेवटच्या डब्यामागे कुणी नाही, म्हणून त्याच्या पुढच्या कपलिंगवर ताण १३,०००. त्याच्या पुढच्यावर २६,०००. असं डब्याडब्याने चढत इंजिनामागच्या पहिल्या कपलिंगवर २,६५,००० च्या आसपास. वीसही डबे एकाच वेगाने चालले आहेत, कुणी जास्त दमलेला दिसत नाही, पण जोडाजोडाला ताण वेगळा आहे. इथली ‘दोरी’ हलकी नाही; तिचं सगळं वस्तुमान डब्यांचंच आहे, आणि म्हणून ताण पायऱ्यापायऱ्यांनी वाढत जातो.

बँकरने निम्मं ओझं उचललं की चित्र पालटतं. पहिल्या कपलिंगवरचा ताण निम्म्यावर येतो. तिथून मागे येत गेलं की तो घटत जातो आणि दहाव्या आणि अकराव्या डब्याच्या मधल्या जोडावर शून्य होतो. त्याच्या मागे कपलिंग ओढलं जात नाही, तिथे डबे एकमेकांना ढकलतात, आणि ती ढकल मागे मागे वाढत जाते. एकाच गाडीचा पुढचा अर्धा भाग ताणलेला, मागचा अर्धा दाबलेला. मधल्या त्या जोडावर बसलेल्या प्रवाशाला याचा पत्ता नसतो. तिथे कुंपण घातलं तर छेदलेल्या जागी काहीच सापडत नाही. घाटात ती दोन अर्धी जणू सुट्या गाड्यांसारखी चढत असतात. व्यवहारात ओढ अशी नेमकी वाटली जात नाही आणि घर्षणही असतंच, म्हणून शून्याचा जोड पुढेमागे सरकत राहतो. मजबुतीची खरी कसोटी लागते ती पहिल्या कपलिंगची, आणि बँकरमुळे तिचा भार हलका होतो.

शेवटी माकड. ‘ॲलिस’चा लेखक लुईस कॅरल हा ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजातला गणिताचा माणूस. त्याच्या कोड्यातली मांडणी ॲटवुडचीच आहे, फक्त एका टोकाला वजन आणि दुसऱ्या टोकाला तेवढ्याच वजनाचं माकड. माकड दोरी धरून वर चढू लागलं तर वजनाचं काय होईल? डिसेंबर १८९३ च्या रोजनिशीत कॅरलने नवलाने नोंद केली की चांगल्या चांगल्या जाणकारांची मतं जुळत नाहीत. प्राइस म्हणतात वजन वाढत्या वेगाने वर जाईल. क्लिफ्टन आणि हारकोर्ट म्हणतात माकडाच्याच वेगाने वर जाईल. सॅम्पसन म्हणतात खाली येईल.

दोन कुंपणं घाला. माकडावर खाली त्याचं वजन, वर ताण. वजनावर खाली त्याचं वजन, वर तोच ताण. दोन्ही वह्यांत आकडे अक्षरशः एक, म्हणून त्वरणही एक. माकड चार हात दोरी मागे टाकेल तेव्हा ते स्वतः दोन हात वर गेलेलं असेल आणि वजनही दोन हात. माकडाने चिडून दोरी पूर्ण सैल सोडली तर ताण शून्य, आणि दोघंही बरोबरीने खाली पडतील. पुन्हा पकडली तर बरोबरीने थांबतील. वजनाला मागे टाकणं माकडाला शक्यच नाही. प्राइस आणि क्लिफ्टन यांच्यात तर खरं भांडणही नाही: माकड वेग वाढवत चढलं तर वजन वाढत्या वेगाने जाईल, सारख्या वेगाने चढलं तर सारख्या.

आता विशेषणं काढून घ्या. कप्पी जड असेल तर तिला फिरवायला ताणातला काही भाग लागेल, वजनाच्या बाजूला कमी ताण पोचेल, आणि वजन माकडाच्या मागे राहील. कप्पी गंजून घट्ट बसली असेल तर वजन जागेवरच राहील आणि माकड एकटं चढेल. म्हणजे ‘माकडाइतकंच’ पासून ‘अजिबात नाही’ पर्यंत सगळी उत्तरं कुठल्या ना कुठल्या कप्पीवर खरी ठरतील. सॅम्पसनचं उत्तर मात्र त्यात बसत नाही. वर चढू लागणारं माकड आपल्या बाजूची दोरी खाली खेचतं, आणि दोरी एकसंध असेपर्यंत पलीकडचं वजन खाली येण्यासाठी ती उलट्या दिशेने सरकायला हवी.